सद्भावनेची साक्ष

तापी नदी बऱ्हाणपुराकडून आमच्या खानदेशात येते, भुसावळपासून प्रकाशापर्यंतची काळी जमीन मागे टाकते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्या सुरतेच्या न्यायालयात १८८१ साली एक खटला चालला. ओलपाडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाला मारल्याचा आरोप होता. सेशन्स न्यायाधीशाने तिला फाशीची शिक्षा दिली. मुंबईच्या हायकोर्टाने फाशीऐवजी काळे पाणी दिले आणि पुढे ती शिक्षा ५ वर्षांवर आली. तेव्हा तापीकाठची आगगाडी झालेली नव्हती. परंतु अशा बातमीला गाडी लागत नाही. वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर तोंडसुख घेणारे लेख येऊ लागले, आणि आमच्या जळगाव जिल्ह्याला खेटून असलेल्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनी ते वाचून लेखणी उचलली. १८८२ साली पुण्यात छापलेले त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक त्या संतापातून जन्मले.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. परंतु हा अंक घरात सासू वाचते, सूनही वाचते, आणि ज्या गोष्टीविषयी आपण बोलणार आहो ती बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा दबक्या आवाजात बोलली गेलेली असते. दोन जिवांच्या बाईच्या बाबतीत, एक जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचा नाद सोडावा लागेल, असे डॉक्टरने ठरवायचे कधी? त्याने ते ठरविले, तर ते खरोखर सद्बुद्धीने ठरविले की नाही, हे पाहणारा कोण? आणि त्या पाहण्याला किती वेळ द्यायचा? इतिहास या तीन प्रश्नांचा आहे.

आरंभ दंडसंहितेपासून करावा लागतो. ही संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १८६२ च्या १ जानेवारीपासून अमलात आली. तिच्या ३१२ व्या कलमाने पोट पाडणे हा अपराध ठरविला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर ७ वर्षांपर्यंत. जिने पोट पाडून घेतले ती स्त्रीही अपराधीच. अपवाद एकच ठेवला : स्त्रीचा जीव वाचविण्याच्या हेतूने, सद्भावनेने केलेला गर्भपात. मौज अशी की, हे कृत्य डॉक्टरने करावे, वैद्याने करावे की सुईणीने, याविषयी या कलमात अवाक्षर नाही. ‘सद्भावना’ म्हणजे काय ते मात्र त्याच संहितेने अन्यत्र सांगून ठेवले होते : योग्य ती काळजी आणि लक्ष दिल्यावाचून केलेली गोष्ट सद्भावनेची मानली जाणार नाही. मन स्वच्छ असून भागत नाही, हातही सावध हवा. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. गर्भपाताचे कलम तिच्यात ८८ या क्रमांकाने आले, आणि अपवाद तोच राहिला.

आता विजयालक्ष्मीकडे पुन्हा पाहा. तिच्या जिवालाही भय होतेच. विधवेला दिवस गेले हे उघड झाले तर घर, गाव, जात सारेच तुटायचे. परंतु ज्या भयाची नोंद डॉक्टरला कागदावर करता येईल असे ते भय नव्हते. नाडी, ताप, रक्तस्राव यांत ते दिसत नव्हते. कायद्याने ‘जीव’ म्हटले ते श्वासापुरते. म्हणून तिच्या बाबतीत अपवादाचे दार उघडलेच नाही, आणि ती थेट खुनाच्या कलमाखाली उभी राहिली.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी हे आधीच ओळखले होते. एका ओळखीच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या विधवेने बाळंत होऊन मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या सुमारास, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. पुढे अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, आणि तो यशवंत मोठेपणी डॉक्टर झाला. जोतीरावांनी कायदा बदलला नाही. त्यांनी एक खोली आणि गुप्ततेचा शब्द दिला. गुप्ततेची ही गोष्ट लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा येणार आहे.

दंडसंहितेतील त्या अपवादावर पहारा कसला होता? पाहू गेल्यास, आधी काहीच नव्हता आणि नंतर सगळाच होता. डॉक्टरने परवानगी कोणाची घ्यायची नव्हती. परंतु उद्या पोलिस आले तर सद्भावना सिद्ध करायची होती. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. सावध डॉक्टर हात लावीनासा झाला, आणि बाई झाडपाला, काडी आणि सुईण यांच्याकडे गेली.

याच कोंडीची परीक्षा १९३८ साली लंडनमध्ये झाली. ॲलेक बोर्न हे तेथील सेंट मेरीज रुग्णालयातील नामांकित प्रसूतितज्ज्ञ. सैनिकांनी बलात्कार केलेली १४ वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली. त्यांनी तिला आठवडाभर रुग्णालयात ठेवून तिची प्रकृती आणि मन न्याहाळले, मग उघडपणे, एक पैसाही न घेता, गर्भपात केला आणि पोलिसांना आपल्यावर खटला भरा म्हणून आव्हान दिले. जुलै महिन्यात खटला चालला. न्यायमूर्ती मॅकनॉटन यांनी ज्यूरीला सांगितले ते थोडक्यात असे : गर्भ राहिल्याने स्त्री शरीराने किंवा मनाने मोडून पडेल असे डॉक्टरचे पुरेशा माहितीवर आधारलेले प्रामाणिक मत असेल, तर त्याने ती जिवंत राहावी म्हणूनच शस्त्र उचलले असे धरता येते. बोर्न सुटले. ‘जीव’ या शब्दात मनाचा समावेश झाला तो असा. तरीही यातला एक धडा विसरता येत नाही. आपले मत खरे आहे हे ठरवून घ्यायला एका मोठ्या डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. असे धैर्य प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरकडून मागता येत नाही.

आपल्याकडे हा विचार सरकारदरबारी आला तो १९६४ साली. केंद्र सरकारने एक समिती नेमली आणि अध्यक्षपद दिले ते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतीलाल शहा यांना. समितीचा अहवाल १९६६ च्या डिसेंबरात सादर झाला. ५० कोटी लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम केले जात असावेत, असा समितीचा अंदाज होता. त्यांतले कितीतरी अडाणी हातांनी, आणि किती बायका त्यात गेल्या याची मोजदाद कोणी ठेवायची? समितीने अपवाद रुंद करण्याची शिफारस केली. त्यातून वैद्यकीय गर्भपात कायदा आला. १० ऑगस्ट १९७१ रोजी त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला.

या कायद्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे, कारण डॉक्टरच्या बुद्धीवर देखरेख कशी असावी याचे एक उत्तर तिच्यात होते. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरे, त्यापुढे २० आठवड्यांपर्यंत दोघांचे. मत कशाचे? स्त्रीच्या जिवाला धोका आहे, तिच्या शरीराला वा मनाला गंभीर इजा होईल, किंवा मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मेल, याचे. बलात्कारातून राहिलेला गर्भ मनाला इजा करतो, हे गृहीतच धरायचे. आणि जीव तातडीने वाचवायचा असेल तर आठवडे मोजायचे नाहीत, दुसरा डॉक्टर शोधायचा नाही, मान्यताप्राप्त जागेचीही अट नाही; एका नोंदणीकृत डॉक्टरने सद्भावनेने ठरवावे. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल त्याच्यावर नुकसानीचा दावा लागणार नाही, असे अभयही कायद्याने दिले.

आणि पहारा? तो दोन ठिकाणी ठेवला. आधी जागेवर आणि हातावर : रुग्णालय सरकारी किंवा मान्यता मिळालेले हवे, डॉक्टर त्या कामात तयार झालेला हवा. नंतर नोंदीवर : गर्भपात झाल्यापासून ३ तासांच्या आत डॉक्टरने ठराविक नमुन्यात आपले मत आणि कारण लिहून सही करावी, तो कागद आणि बाईचे संमतिपत्र लिफाफ्यात मोहोरबंद करावे, त्यावर ‘गुप्त’ असे लिहावे, आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत बाईची ओळख बाहेर फुटता कामा नये. जोतीरावांच्या खोलीतली गुप्तता अशी शंभर वर्षांनी सरकारी लिफाफ्यात आली. मधला क्षण, बाई आणि डॉक्टर समोरासमोर बसतात तो, कायद्याने मोकळा ठेवला. तिथे तिसऱ्याला खुर्ची नव्हती.

ती खुर्ची पुढे आली ती यंत्रामुळे. सोनोग्राफी घरोघर माहीत झाली आणि गर्भातली व्यंगे दिसू लागली. परंतु कित्येक व्यंगे नेमकी १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीतच ध्यानात येतात, आणि दुसरी तपासणी करून खात्री होईतो कायद्याची २० आठवड्यांची भिंत ओलांडली जाते. २००८ साली भाईंदरची एक गर्भवती आणि तिचे डॉक्टर निखिल दातार हे मुंबई हायकोर्टात गेले. गर्भाच्या हृदयात दोष होता, २४ आठवडे उलटून गेले होते. कोर्टाने जे. जे. रुग्णालयातील तज्ज्ञांचे मत मागविले आणि ४ ऑगस्टला परवानगी नाकारली. थोड्याच दिवसांत तिचा गर्भ आपोआप गेला. पुढे अशी प्रकरणे वाढू लागली आणि प्रत्येक वेळी कोर्ट तज्ज्ञांचे मंडळ बसवू लागले. २०१६ च्या जुलैत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील मंडळाने अशाच एका २४ आठवड्यांच्या गर्भाबाबत सांगितले की तो ठेवल्यास आईच्या प्रकृतीला गंभीर धोका आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. मंडळ कायद्यात नव्हते. परंतु व्यवहारात ते आले आणि बसले.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडून गेली होती, आणि तिने जगभर माणसे हेलावली. २०१२ ची दिवाळी आपल्याकडे चालू असतानाच बातमी आली की, बेळगावची मुलगी, दंतवैद्य सविता हलप्पनवार, आयर्लंडमधील गॉलवे शहराच्या रुग्णालयात २८ ऑक्टोबरला वारली. वय ३१. सतराव्या आठवड्यात तिला गर्भपात होऊ लागला होता आणि मूल वाचणार नाही हे सर्वांना दिसत होते. तिने गर्भपाताची विनंती केली. परंतु तिथल्या कायद्यात अपवाद फक्त आईच्या जिवाला खराखुरा धोका असेल तेव्हाचा. आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते. डॉक्टर वाट पाहत राहिले. वाट पाहता पाहता जंतुदोष रक्तात पसरला. पुढच्या चौकशीत गर्भाचे ठोके थांबण्याची वाट पाहण्यावर अवाजवी भर दिला गेल्याचे नमूद झाले. तिथे डॉक्टरांचे हात कुशल होते आणि रुग्णालय सुसज्ज होते. कमी होती ती एकाच गोष्टीची : धोका ‘पुरेसा’ मोठा झाला आहे असे आज म्हटले तर उद्या कायदा आपल्याला उभा करील काय, या प्रश्नापासून सुटका. २०१८ च्या मे महिन्यात आयर्लंडच्या जनतेने मतदान करून ती घटनात्मक बंदी काढून टाकली.

कॅनडाने दुसरी वाट धरली होती. १९६९ च्या कायद्याने तिथे रुग्णालयात तीन डॉक्टरांची समिती बसविली. तिने होकार दिल्यावाचून गर्भपात नाही. सरकारनेच नेमलेल्या चौकशी मंडळाने १९७७ साली दाखवून दिले की, स्त्रीने डॉक्टरला पहिल्यांदा गाठल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत सरासरी ८ आठवडे जात होते, आणि कित्येक रुग्णालयांत समितीच नव्हती. १९८८ च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सारी व्यवस्था रद्द केली. समितीत वाईट माणसे होती म्हणून नव्हे. गर्भ वाढत असतो आणि समिती बसत असते, ही अडचण भल्या माणसांनाही चुकत नाही.

आपल्या संसदेने २०२१ साली कायदा सुधारला. एका डॉक्टरची मर्यादा २० आठवड्यांवर गेली; २० ते २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने, परंतु ठराविक स्त्रियांना : बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या स्त्रिया, अपंग स्त्रिया आणि अशाच काही. २४ आठवड्यांपुढे गर्भात मोठे व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवील. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीचा तज्ज्ञ हवा. अर्ज आल्यापासून ३ दिवसांत मत द्यायचे आणि ५ दिवसांत काम पुरे व्हायचे, असे नियम सांगतात.

आता हे सारे आमच्या खानदेशात आणून पाहू. धुळ्याला भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावचे २०१८ साली सुरू झाले. त्याआधी जळगावच्या माणसाला असे तज्ज्ञ सरकारी छपराखाली एकत्र भेटायचे तर जिल्हा ओलांडावा लागे. आणि मंडळाने नाही म्हटले तर? मग हायकोर्ट. जळगाव-धुळ्याचे हायकोर्ट म्हणजे औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ : जळगावहून अजिंठ्याचा घाट, धुळ्याहून चाळीसगावनंतर कन्नडचा घाट, आणि दोन्हीकडून दीडशे किलोमीटरच्या आसपास. समजा, चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या पाड्यावरची एक पावरा बाई आहे. तिची पहिली सोनोग्राफीच उशिरा झाली. तालुक्याच्या डॉक्टरने जिल्ह्याला पाठविले, जिल्ह्याने मंडळाकडे, मंडळाने पुन्हा तपासणी करायला सांगितले. नियमातले ३ दिवस अर्ज पोचल्यापासून मोजायचे असतात. पाड्यावरून निघाल्यापासून नव्हे.

पण म्हणून देखरेखच नको, असे खानदेशच्या माणसाने म्हणू नये. जनगणनेने आमच्यापुढे एक आरसा धरलेला आहे. सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली जळगाव जिल्ह्यात ८८० होत्या. २०११ साली त्या ८४२ राहिल्या. शिकलेला, केळी-कापसाने सधन झालेला हा जिल्हा. त्या न जन्मलेल्या मुली यंत्राने शोधल्या आणि हातांनी नाहीशा केल्या. आणि ते हात अडाणी सुईणीचे नव्हते. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर १९८८ सालीच, देशात सर्वांआधी, कायदा केला होता, आणि १९९४ साली केंद्राने केला. २०१२ साली परळीच्या प्रकरणानंतर तपासण्यांचा धडाका सुरू झाला तो न्याय्यच होता. परंतु त्याची एक दुसरी बाजू झाली. लिंग सांगणारा डॉक्टर आणि जीव वाचविणारा डॉक्टर यांच्या दारावर एकच पथक येऊ लागले, आणि ज्याने कधी लिंग सांगितले नाही अशा कित्येक भल्या डॉक्टरांनाही वाटू लागले की ही कटकटच नको. एका गुन्ह्यासाठी लावलेला पहारा दुसऱ्याच बाईच्या वाटेवर येऊन बसला. हे वेगळे करणे कठीण आहे, परंतु अशक्य नाही : एकात तपासायचे ते लिंग सांगितले गेले काय, आणि दुसऱ्यात तपासायचे ते कारण लिहिले गेले काय. दोन्हीची वही वेगळी.

मंडळाचे काम कोणते, याचे उत्तर मुंबई हायकोर्टात २०२३ साली दोन वेळा, दोन दिशांनी आले. जानेवारीत मुंबईला, सुमारे ३३ आठवड्यांच्या गर्भात मेंदूचे गंभीर व्यंग असलेल्या एका विवाहितेच्या बाबतीत मंडळाने नकार दिला होता. न्यायालयाने तो बाजूला सारून सांगितले की निवड करण्याचा अधिकार मंडळाचा नव्हे, त्या स्त्रीचा आहे. जूनमध्ये औरंगाबाद खंडपीठापुढे १५ वर्षांच्या एका बलात्कारपीडित मुलीचे प्रकरण आले. २८ आठवडे झाले होते. गर्भपात केला तरी मूल जिवंतच जन्मेल, असे मंडळाने सांगितले. आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. या दोन निकालांतला भेद गर्भाच्या प्रकृतीत आहे, हे खरे. परंतु दुसऱ्या प्रकरणात त्या मुलीचे जे आठवडे आधीच निघून गेले होते, ते कोणत्याच मंडळाला परत देता येण्यासारखे नव्हते.

माझ्या मते या दीडशे वर्षांच्या हिशेबातून एवढे निघते. डॉक्टरच्या बुद्धीवर देखरेख हवीच. जिथे ती नाही तिथे पैसा आणि मुलग्याचा हव्यास शिरतो, हे ८४२ या आकड्याने आम्हाला शिकविले. परंतु देखरेख तीन जागी ठेवता येते : आधी डॉक्टरच्या तयारीवर, नंतर त्याच्या लिहिलेल्या कारणावर, आणि मध्ये त्याच्या निर्णयावर. पहिल्या दोन जागा १९७१ च्या कायद्याने दाखविल्या, आणि त्या जितक्या कडक असतील तितक्या बऱ्या. तिसरी जागा सल्ल्याची असावी. मंडळाने गर्भाला काय झाले आहे, आईला काय होऊ शकेल, हे लवकर, स्वच्छ आणि बाईला कळेल अशा शब्दांत सांगावे. ती मराठी बोलत असेल तर मराठीत, अहिराणी किंवा पावरी बोलत असेल तर तीत. मंडळ न्यायासनावर बसले की डॉक्टर आपले मत लिहिण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहू लागतो, आणि बाई दोघांच्याही तोंडाकडे.

‘सद्भावना’ या शब्दाचा जो अर्थ जुन्या दंडसंहितेने दिला होता, योग्य काळजी आणि लक्ष, तो डॉक्टरपुरता धरण्याची आपल्याला सवय झाली आहे. पाहणाऱ्यांनाही तो लागू का असू नये? मंडळाने ३ दिवसांत उत्तर दिले काय, सरकारने तज्ज्ञ जिल्ह्यात ठेवला काय, पथकाने दोन वह्या वेगळ्या ठेवल्या काय, याचीही कोणी नोंद करावी, सही घ्यावी. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मीला पुष्कळ प्रश्न विचारले असतील. तिला वेळेवर कोण भेटू शकले असते, हा प्रश्न ताराबाईंसारख्या बाईने बुलढाण्यात बसून विचारला. सातपुड्याच्या पायथ्याशी आजही तो तसाच विचारावा लागतो.